बोटभर कमी

आमच्या शेजारचा दादू मूळचा नाटे बंदरातला. नुसत्या शेपटीवरून मासा ओळखायचा, म्हणून रत्नागिरीतल्या एका कॉलेजने त्याला आपल्या मत्स्यसंग्रहालयात ठेवला. काचेच्या बरण्यांत मेलेले मासे आणि त्यांचा राखणदार जिवंत दादू. आता गंमत ऐका. पूर्वी हा माणूस असा प्यायचा की वाटेतल्या म्हशी बाजूला व्हायच्या! मग हेदवीच्या गणपतीपुढे नारळ ठेवून त्याने दारू सोडली, आणि देवाने त्याला कामाला लावला कुठे? स्पिरिटच्या डब्यांपाशी!

मासे कुजू नयेत म्हणून आधी बरण्यांत फॉर्मेलिन असायचे, डोळे चुरचुरायचे. ते बंद झाले आणि पाणी घातलेले स्पिरिट भरायचे ठरले. स्टोअरचा नितेश पाच लिटर स्पिरिट मोजून द्यायचा, दादू त्यात पाच लिटर पाणी घालायचा. दहा व्हायला हवेत ना? दर वेळी पेलाभर कमी!

नितेशने डोळे बारीक केले. "काय दादू, मासे प्यायले वाटतं?"

झाले. कॉलेजात कुजबुज, वाडीत कुजबुज. मीसुद्धा पडवीत बसून त्याची चाल निरखायला लागलो. सरळ चालला, तर वाटायचे, मुद्दाम सरळ चालतोय. त्याची बायको विमला तो दारात आला की तोंडाचा वास घ्यायची. काही सापडले नाही तर म्हणायची, "बडीशेप खाऊन आलात?"

आणि दादू? त्याचा स्वतःवरचाच भरवसा उडाला.

"आप्पा," मला म्हणाला, "डबा मीच उघडतो, ओततो पण मीच. तिसरा कोण नाय तिथं. माझ्या नकळत मीच प्यायलो असेन काय हो? मिसळल्यावर भांडं गरम लागतं, कोणीतरी आत्ताच हातात धरल्यासारखं."

"गावदेवीला कौल लाव. ती सांगेल."

"नको. ती 'हो' म्हणाली तर?"

शेवटी नितेश म्हणाला, सोमवारी प्राचार्यांना सांगतो. म्हणजे नोकरी गेलीच. हे ऐकून विमला पदर खोचून कॉलेजात हजर, मला साक्षीला ओढून.

"ह्यांचे हात मागे बांधा," ती म्हणाली. "मी ओतते."

बांधले की हो, माझ्याच पंच्याने! नितेशने लिटरभर स्पिरिट, लिटरभर पाणी मोजून दिले. विमलाने उंच काचेच्या मापात ओतले. दोन लिटरच्या रेघेखाली बोटभर थांबले! नितेशने जमीन पाहिली. थेंब सांडला नव्हता. विमलाच्या तोंडाचा वास घ्यायचे त्याच्या मनात आले असावे, पण हिंमत झाली नाही. तिने काचेला हात लावला.

"अगो बाय, ह्याला तर ताप आलाय!"

तेव्हा कुठे नितेश रसायनच्या दर्शना मॅडमना बोलवायला धावला. चोरीचा मामला म्हटल्यावर इतके दिवस त्यांना कोण विचारणार?

मॅडम हसल्या. "अहो, पाणी आणि स्पिरिट एकमेकांना जवळ ओढतात. वेगवेगळी असताना लागते तेवढी जागा मिसळल्यावर लागत नाही. आणि जवळ येताना ऊब बाहेर पडते. वजन करून बघा, तसूभर घटायचं नाही."

नितेशने दोन्ही पुन्हा घेतली, आधी वजन केले, मिसळून पुन्हा केले. काटा तिथेच!

"म्हणजे," दादूने विचारले, "प्यायलं कोणीच नाय?"

"कोणीच नाही."

त्याचे डोळे भरून आले. पुसायला हात मोकळे नव्हते, विमलाने पदराने पुसले. आणि पुसता पुसता नाक हळूच त्याच्या तोंडाजवळ नेलेच.

"सवय," ती म्हणाली.