शेण पॉइंट

अकोल्याहून परतवाड्याकडे जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशी) माना टाकून उभी होती. पाऊस मध्येच पळाला होता. मी मात्र स्वेटर घेऊन निघालो होतो. चिखलदरा हे थंड हवेचे ठिकाण, असे शाळेत पाठ केले होते.

परतवाड्याहून रहीमभाईंच्या जीपने घाट चढू लागलो. स्वेटर पाहून ते म्हणाले, "भाऊ, वर हाटेलात कूलर लावून राहिले लोक. हे कोनाले घालता?"

वर फलक होता, 'थंड हवेच्या ठिकाणी स्वागत'. त्याखालीच दुसरा, 'ए.सी. खोल्या मिळतील'. आधी झाडे पाडून हॉटेल बांधायचे, त्यासाठी झऱ्याच्या डोक्यावर बोअर मारायची, मग हवा तापली म्हणून ती यंत्राने गार करायची. याला आपल्याकडे विकास म्हणतात.

डोंगराला आता कडेकपारी नाहीत, नुसते पॉइंट आहेत. "ज्या जागेले पॉइंट म्हनलं, तिथं हाटेल उगवते," रहीमभाई म्हणाले. "त्याले पावसाची गरज नाई."

खवा घ्यायला कौसाबाई गवळणीच्या खोपटापाशी थांबलो. मागे तिचा उतार, उतारावर म्हशी, खाली झरा. कुंपणावर पाटी होती, 'शेण पॉइंट'.

"मावशी, हे काय?"

"अमरावतीचा एक जन इथं बंगले बांधतो म्हनते. व्ह्यू पॉइंट नाव ठेवू म्हने. मी म्हनलं, नाव मीच ठेवतो." मग झऱ्याकडे पाहत म्हणाली, "पयले उन्हायातही वाहे. आता दिवाई आली का धार बारीक होते. बंगले झाले तर म्हशी काय नयाच्या तोटीले तोंड लावतीन?"

तेवढ्यात तोच गृहस्थ गिऱ्हाईक घेऊन गाडीतून उतरला. गिऱ्हाइकाने पाटी वाचली, नाकाला रुमाल लावला आणि परत गाडीत जाऊन बसला.

"मावशी, पाटी काढा. माणसं बिचकतात," गृहस्थ म्हणाला.

"काऊन काढू? तुमच्या पाटीवरची थंडी कुठी हाय? माह्या पाटीवरचं शेन तरी हाय."

तो हसला. "तुमच्या पोराशी बोललोय मी. तो विक्रीच्या कागदावर सही करायला तयार आहे."

कौसाबाईने खवा तोलायला घेतला. 'डोंगर वाचवा' अशी पत्रके मी पिशवीभर नेली होती. त्यातल्याच एकात तिने खवा बांधून दिला.

अकोल्याच्या जुन्या शहरात घरी परतलो तेव्हा स्वेटरची घडी तशीच होती. मित्रांनी खवा संपवला, पत्रकाला बोटे पुसली आणि विचारले, "कोणता पॉइंट पाहिला?"

"शेण पॉइंट."

"तिथं काय हाय पाहासारखं?"

"डोंगर," मी म्हणालो. "पोरानं सही करेपर्यंत."