हुसेनमियाँनी निवडलेला कुत्रा

सौदीतल्या तबूक शहराबाहेर, गव्हाच्या शेतांना लागून एका मोठ्या कफीलाची, म्हणजे व्हिसा देऊन माणसं आणणाऱ्या मालकाची, कुत्री बांधलेली असत. श्रीवर्धनकडचे हुसेनमियाँ सव्वीस वर्षं ती सांभाळत होते. आले होते ट्रॅक्टर दुरुस्तीला. पण थोरल्या मालकांच्या शिकारी कुत्रीचा मोडलेला पाय त्यांनी पट्ट्या लावून नीट बसवला, आणि तेव्हापासून पाना हातातून सुटला तो सुटलाच. कुत्र्याची लाळ लागलेल्या कपड्यांत नमाज चालत नाही, म्हणून दिवसातून पाच वेळा कपडे बदलायचे, पुन्हा चढवायचे. अलीकडे या कामाचाही त्यांना शीण येई. वय अठ्ठावन्न, आणि डाव्या गुडघ्यात पाणी झालेलं.

थोरले मालक वारल्यावर कारभार त्यांच्या मुलाकडे, हाशमकडे आला. त्याला पाहुण्यांसाठी तितरांची शिकार सुरू करायची होती. तितर शेतावरच वाढवलेले, सोडायचेही स्वतःच्याच जमिनीत. त्याने परदेशातून दोन कुत्रे मागवले. एक पॉइंटर, एक स्पॅनियल.

"काका, महिनाभर दोन्ही बघा," हाशम म्हणाला. "ठेवायचा एकच. कुठला, ते तुम्ही सांगा."

पॉइंटर उंच आणि अबोल. लांबवर फिरून वास घ्यायचा आणि पक्षी सापडला की एक पाय उचलून जागीच थिजायचा. बंदूकवाला सावकाश चालत आला तरी तो हलत नसे. स्पॅनियल बुटका, लांब कानांचा. तो सरळ झुडपात घुसून पक्षी उडवायचा. पण पक्षी बंदुकीच्या टप्प्यातच उडायला हवा, म्हणून सांभाळणाऱ्याला शिट्टी वाजवत सतत त्याच्या मागे पळावं लागे.

हाशमची निम्मी जमीन उघडी होती. तितर मात्र दडायचे ते कोरड्या ओढ्यातल्या दाट झुडपांत. तिथे स्पॅनियलच हवा, हे हुसेनमियाँना आठवड्याभरात कळलं. आणि आठवड्याभरात त्यांचा गुडघा एवढा सुजला की नमाजाआधी वजूसाठी पाय धुताना त्यांना भिंत धरावी लागली.

शुक्रवारी गावाहून बायकोचा, ताजुन्निसाचा फोन आला.

"गुडघा कसा आहे?"

"आहे."

"आता या घरी."

"हा हंगाम होऊ दे."

"मागच्या हंगामालाही हेच म्हणाला होतात," ती म्हणाली.

महिना संपला तेव्हा हुसेनमियाँनी हाशमला सांगितलं, "पॉइंटर ठेवा." हाशम खूश झाला. त्यालाही तोच देखणा वाटत होता.

पहिल्याच शिकारीला पॉइंटर ओढ्यात शिरला आणि दिसेनासा झाला. पाहुणे ताटकळले, उन्हाला कंटाळून गाड्यांकडे गेले. हुसेनमियाँ हाका मारत फिरत राहिले. कुठेतरी तो पक्ष्यावर रोखून उभा असणार, आणि उभा असेपर्यंत तो आवाज करणार नाही, हे त्यांना ठाऊक होतं. दोन तासांनी तो सापडला. काट्यांच्या जाळीत, एक पाय उचललेला, अंग थरथरणारं, जीभ कोरडी पडलेली. पंजांत काटे रुतून रक्त आलं होतं. समोर पक्षी होता की कधीच पळाला होता, कोण जाणे. कुत्रा मात्र कुणीतरी येईल म्हणून उभाच होता.

हुसेनमियाँ खाली बसले. त्याला पाणी पाजलं, एकेक काटा काढला. मग त्याला उचलून घेतलं आणि लंगडत गाड्यांपर्यंत आणलं.

संध्याकाळी ते हाशमकडे गेले.

"मी तुम्हाला चुकीचा सल्ला दिला. या जमिनीला स्पॅनियल हवा होता."

"तेव्हा कळलं नव्हतं का?"

"कळलं होतं. पण मग त्याच्यामागे मला पळावं लागलं असतं. मी दमलोय, बेटा."

हाशमने पेल्यात चहा ओतला. मग म्हणाला, "आता कोण पळणार?"

"उस्मान." उस्मान उंटांकडे असलेला चाळिशीचा सुदानी गडी. "जनावराशी नीट वागतो. हंगामभर मी त्याला शिकवतो. त्यानंतर मला एक्झिट द्या, कायमचं घरी जायला."

हाशमने चहाचा पेला खाली ठेवला. "वडील गेले तेव्हा वाटलं होतं, तुम्ही तरी राहाल," एवढंच तो म्हणाला. हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

पॉइंटर हाशमच्या चुलत्याकडे गेला, जिथे सगळं रान मोकळं आहे, आणि अजून परत पाठवायचा राहिलेला स्पॅनियल शेतावरच ठेवला. हुसेनमियाँ हंगामभर ओढ्याकाठी प्लास्टिकच्या खुर्चीत बसून उस्मानला सांगत राहिले, शिट्टी कधी, थांबायचं कधी. उस्मान धापा टाकायचा, हसायचा. स्पॅनियल त्याचं ऐकू लागला तेव्हा हुसेनमियाँना बरं वाटलं, आणि थोडं वाईटही.

मार्चमध्ये एका सकाळी हाशम स्वतः एक्झिटचा कागद घेऊन आला.

जेद्द्याहून मुंबईच्या विमानात शेजारी रत्नागिरीचा एक वेल्डर होता. जेवण आलं तरी उठवू नका, असं त्याला सांगून हुसेनमियाँनी विमान हलायच्या आत डोळे मिटले.