बिरदेवचा दोन इंची आयपीस

निरवांगीत बिरदेवची पिठाची गिरणी आहे आणि तिला लागून माझं पंक्चरचं दुकान. गिरणीवाल्यानं पट्टा सैल झालाय का बघावं, गिऱ्हाइकाच्या डब्यात कुणाचं दळण गेलं ते बघावं. हा गडी सदान्‌कदा वर बघतो.

पुण्यातल्या कुणा विद्यार्थ्यानं विकायला काढलेली आठ इंची दुर्बीण त्यानं टेम्पोतून आणली. बंबासारखं जाडजूड नळकांडं. त्याला डोळा लावायचं भिंग, म्हणजे आयपीस, एकच होतं आणि त्याचं भोक वाटाण्याएवढं. शनिवारी संध्याकाळी गिरणी बंद झाली की बिरदेव ते नळकांडं अंगणात मांडायचा. दळणाला आलेल्या बाया, डेअरीवरून परतणारी माणसं रांगेनं डोळा लावायची, "दिसलं, लई भारी" म्हणायची आणि बाजूला व्हायची.

चंद्र मलाही दिसायचा. पण शनीची कडी म्हणा, कृत्तिका म्हणा, मला नुसतं काळं. तोंडावर बोलायची माझी खोड, म्हणून मी दर वेळी सांगायचो, "मला काय दिसंना." सगळ्या गावाला दिसतंय आणि एकट्या कुंडलिकला दिसत नाही म्हटल्यावर माझे डोळे गेले, हे अंगणातच ठरून गेलं.

खरं तर ती दुर्बीण आली होती सारजाआत्यासाठी. बिरदेवची आई तो लहान असतानाच गेली आणि वडिलांच्या या बहिणीनं त्याला वाढवला. आत्याची मेंढरं होती. पहाटे कळप कधी हलवायचा ते ती कृत्तिकांचा झुबका कुठं आलाय त्यावरून ठरवायची. पुढं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, जाड चष्मा आला आणि त्या झुबक्याचा धुरकट डाग उरला. दुर्बीण आली त्याच आठवड्यात बिरदेवनं तिला कृत्तिका दाखवल्या. "दिसलं रं बाबा, समदं दिसलं," आत्या म्हणाली. त्या आनंदात बिरदेवला जेवण गेलं नाही. पुढं कितीतरी दिवस तो ही गोष्ट ज्याला त्याला ऐकवायचा, मला तर पाठच झाली होती.

शेवटी माझ्या डोळ्यांची काळजी त्यालाच लागली. मोटरसायकलवर बसवून त्यानं मला बारामतीला मेहजबीनच्या चष्म्याच्या दुकानात नेलं. तिनं निवांत तपासलं आणि म्हणाली, "काका, लांबचं एकदम चांगलं हाय तुमचं. कशाला आलाय?"

"अवो पण ह्याला शनी दिसत न्हाय," बिरदेव म्हणाला. "समद्या गावाला दिसतो."

"गावाला दिसतो कशावरनं?"

"म्हणत्यात की."

मेहजबीन हसली. "भाऊ, हितं खुर्चीत बसलेला जो तो 'दिसतंय' म्हणतो. न्हाय म्हटलं तर समोरच्याला वाईट वाटंल, असं वाटतं लोकांना. म्हणून मी 'दिसतंय का' असं विचारतच न्हाय. अक्षर वाचायला लावते."

बिरदेवचा चेहरा पडला. वाटेत जंक्शन नावाच्या गावात चहाला थांबलो, तिथं तो एकदम म्हणाला, "कुंडलिका, आत्यालाबी दिसलं नसंल."

"इचार की तिला."

"इचारून काय? मला बरं वाटावं म्हणून ती परत दिसलंच म्हणंल."

खरं होतं ते. मला त्याचं फार वाईट वाटलं आणि गावाचा रागही आला. माणसं चांगुलपणानं केवढं खोटं बोलतात!

दुसऱ्या दिवशी गिरणीला सुट्टी देऊन त्यानं दुर्बीण दूरच्या विजेच्या खांबावर रोखली आणि म्हाळसाचा, म्हणजे बायकोचा, चष्मा स्वतःच्या नाकावर चढवून बसला. दुपारपर्यंत त्याला सगळं उमगलं. त्या बारक्या आयपीसला डोळा अगदी चिकटवावा लागतो, चष्मा मध्ये येतो. आभाळाचा दिसणारा तुकडा इतका लहान की सबंध चंद्रही मावत नाही, मग अख्खा झुबका कुठला? त्यात पृथ्वी फिरते म्हणून तारा सरकतो आणि म्हातारं माणूस आधाराला नळकांडं धरतं. झालं, काळोख.

आता नवा आयपीस घ्यायचा, तो रुंद आभाळ दाखवणारा. पण कुठला? गिरणीच्या दगडासाठी बाजूला टाकलेल्या पैशांतच बसवायचा होता. शनी मोठा करून दाखवणारा आयपीस घ्यायची त्याची जुनी हौस होती, ती आडवी येत होती. नावाजलेल्या कंपनीच्या रुंद आयपीसची किंमत म्हशीची. तिसरा होता दोन इंची, तीस मिलिमीटरचा, स्वस्तातला. पण मोबाइलवर कुणी कुणी लिहिलं होतं की अशा दुर्बिणीत त्याच्या कडेचे तारे फराटल्यासारखे दिसतात. आठवडाभर त्यानं माझं डोकं खाल्लं. मी वैतागून मेहजबीनला फोन लावून त्याच्या हातात दिला.

"भाऊ, कडेला कोण बघतंय? आधी मधलं तर सापडू द्या लोकांना," ती म्हणाली. "आन् चष्मा न काढता बघता आलं पायजे. तेवढं बघून घ्या."

त्यानं शनीवर पाणी सोडलं आणि तिसरा मागवला.

आयपीस आला तो मोठ्या पेरूएवढा. लावला तसं नळकांड्यानं नाक खाली घातलं. बिरदेवनं धान्यातले खिळे पकडायला गिरणीत असतं तसलं जास्तीचं लोहचुंबक काढलं आणि नळकांड्याच्या बुडाशी चिकटवलं. तोल बसला.

संक्रांतीच्या आधीचा शनिवार. दिवेलागण होऊन गेली होती, कृत्तिका डोक्यावर आल्या होत्या. आत्याला स्टुलावर बसवलं. ती सवयीनं चष्मा काढायला लागली.

"ऱ्हाऊ दे चष्मा," बिरदेव म्हणाला. पुढं काही विचारायचं नाही, हे त्यानं घोकून ठेवलं होतं. तरी त्याचे ओठ हलत होते.

आत्यानं डोळा लावला. एरवी दोन श्वासांत ती बाजूला व्हायची. आज हलेना. मागं रांग चुळबुळायला लागली. "आत्याबाई, बायास्नी घरी जायचंय," म्हाळसा म्हणाली. आत्यानं नुसता हात वर केला.

मग ती सावकाश म्हणाली, "बिरदेवा, ह्या मोठ्या चांदणीच्या बाजूनं बारक्या चांदण्यांची वळ निघालीया. मेंढरं चालल्यावानी. ही आमच्या वक्ताला नव्हती."

मी बिरदेवकडं पाहिलं. चांदण्यांच्या या ओळीचं त्यानं मला कधी सांगितलं नव्हतं, गावात कुणालाच सांगितलं नव्हतं. त्यानं मान हलवली. आहे, खरंच आहे. मग तो गव्हाच्या पोत्यावर बसला आणि चारचौघांत रडला. मीही डोळे पुसले, खोटं कशाला बोलू?

"आत्या," जरा वेळानं तो म्हणाला, "पयल्यांदा दाखवलं, तवा काय दिसलं व्हतं?"

"काळं," आत्या म्हणाली. "तू एवढ्या हौसेनं आणल्यालं, न्हाय कसं म्हणायचं?"

आणि आयपीसवरचा डोळा न काढता तिनं त्याला दटावलं, "आता हात लावू नगंस. बघू दे मला."