साहेबांच्या तीन सोंगट्या

लातूर नवा जिल्हा झाला त्या सुमारास आमच्या कचेरीत जेवणाच्या सुट्टीत चेकर्स चालायचं. आवक-जावकच्या टेबलावरचा कारकून, आमच्याच गल्लीतला, स्वतः क्वचित खेळायचा, पण दुसऱ्यांच्या चुका जपून ठेवायचा. हरलेला माणूस दुसऱ्या दिवशी कामाला बसला की हा पुठ्ठ्यावर घरं आखून बाटल्यांच्या झाकणांनी कालचा डाव हुबेहूब मांडायचा.

“बापू, इथं एक सोंगटी मरू द्यायची. मग तीन खायला मिळत होत्या. तुम्ही तर खुदकुशी केली.”

माझ्या अशा खुदकुश्या त्यानं लई मोजल्या.

त्या वर्षी दुष्काळ पडला आणि आमच्या गल्लीत नऊ दिवस टँकर फिरकला नव्हता. कचेरीच्या स्पर्धेत शेवटचा डाव पडला या कारकुनाचा आणि टँकरच्या पाळ्या ठरवणाऱ्या साहेबांचा. हा जिंकत आला होता. एक सोंगटी दिली असती तर साहेबांच्या तीन जात होत्या, मलासुद्धा दिसलं. यानं मान खाजवली, भलतीच सोंगटी सरकवली आणि हरला. साहेबांनी खुशीत त्याला चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी सकाळीच गल्लीत टँकर आला. मी डोक्यावरून भसाभसा पाणी घेतलं आणि त्याच्या आधी कचेरी गाठली. त्याच्याच टेबलावर तोच डाव मांडून वाट बघत बसलो. तो आला.

“खुदकुशी,” मी बोट ठेवून म्हणालो.

त्यानं डाव बघितला, मग माझ्याकडं बघितलं.

“व्हय? गलती कुठं झाली, दाखवा की बापू.”

मी वाकलो, तसं माझ्या केसांतलं पाणी पटावर टपकलं.