पन्नास गुणपत्रिका फुकट

माझ्या प्रोग्रामला मी कुलूप घातलं तेव्हा अर्ध्या तालुक्यानं मला कंजूष ठरवलं. ठरवू दे. अकोल्याच्या जुन्या शहरात अब्बांचं गाद्या-रजया भरायचं दुकान. त्याच्या मागच्या खोलीत, कीबोर्डमधला कापूस फुंकत, दीड वर्ष खपून मी शाळांसाठी गुणपत्रिका छापायचा प्रोग्राम लिहिला होता. एका शाळेनं विकत घेतला. पुढच्या निकालाला तो बारा शाळांत चालत होता, या सीडीवरून त्या सीडीवर. मी जाब विचारला तर एक हेडमास्तर हसून म्हणाले, "बाई, विद्या वाटल्यानं वाढते!" मी म्हटलं, "मंग सर, तुमी पगार काहून घेता?"

अब्बा वैतागले होते. कापसाला भाव नव्हता, लोक लग्नं पुढं ढकलत होते, गाद्या कोण भरवणार? "गादी नेली का माणूस दाम देते," ते म्हणायचे. "तू तं हवा विकून राहिली." या निकालापर्यंत मला मुदत होती. नाही जमलं तर कॉम्प्युटर विकायचा आणि मी शिकवण्या घ्यायच्या. मला शिकवण्या घ्यायच्या नव्हत्या. मला हेच करायचं होतं.

म्हणून कुलूप. यंदा गुणपत्रिकेचा नमुना बदलला होता, जुन्या सीड्या कामाच्या नव्हत्या; नव्या प्रोग्रामला कुलूप घातलं. तीस दिवस फुकट वापरा, मग पडद्यावर एक आकडा येईल. तो मला फोनवर सांगा, त्या मशीनची किल्ली म्हणून मी आठ अक्षरं सांगेन. वरून आणखी शहाणपणा केला: कोणी दिवस लांबवायला तारीख मागं सरकवली की प्रोग्राम बंद, किल्ली घेतलेली असली तरी बंद. फार हुशार समजत होते मी स्वतःला!

परीक्षा संपता संपता दर्यापूरच्या एका मुलींच्या शाळेतून मोठ्या बाईंचा फोन आला. रीतसर किल्ली घेतलेली ती एकमेव शाळा. प्रोग्राम बंद पडला होता. मी ताडकन म्हणाले, "तारीख मागं केली तुमी. कुलूप तोडून दुसऱ्यायले फुकट द्यायचं असन." त्या म्हणाल्या, "येऊन पाहून घ्या."

भरलेल्या जीपमध्ये स्वतःला कोंबून दर्यापूरला गेले. माझ्यासमोरच लाइट गेली, तासाभरानं आली. मशीन सुरू झालं आणि त्यानं कितीतरी वर्षांपूर्वीची एक जानेवारी दाखवली. घड्याळाचा आतला सेल मेलेला होता. गुणपत्रिकेवर तारीख बरोबर यावी म्हणून क्लार्कनं ती नीट टाकली होती, आणि लोडशेडिंगनं पुन्हा मागं नेली होती. चोरी कसली अन् काय! माझ्या मशीनचाही सेल मेलेलाच होता. मी रोज सकाळी सवयीनं तारीख टाकायचे, म्हणून मला हे सुचलंच नाही.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. इमानदार बाईला मी चोर म्हटलं होतं. हात जोडून माफी मागितली. क्लार्क म्हणाला, "आता तं कुलूप काढूनच टाका न ताई." "कुलूप राहीनच," मी म्हटलं. "तारखेवरचा भरोसा काढतो फक्त."

दिवस मोजणं बंद केलं, छापलेल्या गुणपत्रिका मोजल्या. पन्नास फुकट, एक्कावन्नावीला किल्ली. बाईंची शाळा आधी सुरू करून दिली. मग नव्या सीड्या मी स्वतःच वाटल्या. घ्या म्हटलं, फिरवा.

निकालाच्या दोन दिवस आधी विद्या वाटणारे हेडमास्तर दुकानाच्या पायरीवर हजर. पन्नासावर त्यांचं काम अडलं होतं. "पोरायचा निकाल अडवता? माणुसकी हाय का नाही?"

पोरांसाठी माझा जीव तुटत होता, खोटं कशाला बोलू? पण मी म्हटलं, "निकाल मी नाही अडवला सर. विकत घ्या, पाच मिनिटांत किल्ली देतो."

ते माझ्याकडं पाठ करून अब्बांकडं वळले. "चाचा, समजवा पोरीले. आठ अक्षरायसाठी काय घेऊन बसली?"

दारात आलेल्या माणसाला उलट बोलणं अब्बांच्या स्वभावातच नव्हतं, आणि सरांपुढं तर नाहीच. त्यांनी सुई गादीत खोचून ठेवली. माझ्याकडं पाहिलंही नाही.

"सर," ते म्हणाले, "माल तिचा हाय. दाम द्या, घेऊन जा."