मंगळावरच्या द्राक्षांची छाटणी कोणी केली?

मंडळी, तुम्ही सगळे डोक्यावर घेऊन नाचताय तो मंगळावरचा पिक्चर आज दुपारी नातीनं मला थेटरात नेऊन दाखवला. माझं तर डोकंच फिरलं.

रॉकेट उडालं, मी मानलं. हवा नसताना माणूस जगला, तेही मुकाट मानलं. मग हिरोनं काचेच्या घरात द्राक्षाची काडी लावली आणि तीन महिन्यांत घड लोंबायला लागले. ना एप्रिलची छाटणी, ना ऑक्टोबरची. वेलाला मांडवसुद्धा नाही. घड हातात घेऊन तो आईच्या आठवणीनं रडला, तर लोक टाळ्या वाजवतायत.

मी म्हटलं, "अगं, काडीला पहिलं पीक यायला दीड-दोन वर्षं लागतात."

"आजी, गप ना. तुला सायन्स कळत नाय."

"चाळीस वर्षं वेली छाटल्या मी. ते सायन्स नाय तर काय भजन हाय?"

मागचे हसले. नात मात्र डोळे पुसत होती.

ही पोरगी शेतकी कॉलेजात शिकते. यंदापासून आमची बाग तिनं बघायची, असं घरात ठरलंय. पिक्चरवाल्यांनी काय वाट्टेल ते दाखवावं, पण हिला त्यात काहीच खटकू नये?

तुम्हीच सांगा, येत्या छाटणीला हिच्या हातात कात्री द्यावी का?