उजवा कोपरा
सुक्या मासळीचा वास आला की ओमानमधल्या सोहारचा किनारा आठवतो. शुक्रवारी, सुट्टीच्या सकाळी, तिथल्या ओल्या वाळूवर आम्हा कामगारांची कबड्डी चालायची. उजव्या कोपऱ्यात मी असायचो आणि चढाईला आलेला प्रत्येक गडी माझ्या हातून निसटायचा. "याला बाहेर बसवा," असं सगळेच म्हणू लागले. तेव्हा रत्नागिरीचे एक चाचा, क्रेन चालवणारे, आम्हाला शिकवायला आले. म्हणाले, "ताकद हाय रे तुझ्यात. पन तू त्याच्या तोंडाकडं बघतोस. पायाकडं बघ." महिनाभर त्यांनी मला फक्त पाय बघायला लावलं. मग सामन्यात समोरचा सर्वांत चपळ गडी आला, त्याची टाच उचलली गेली आणि त्याचा घोटा माझ्या मुठीत अडकला. तो सुटलाच नाही. आज माझे गुडघे कुरकुरतात, पण त्या सकाळी मी माझ्याच हातांकडे थक्क होऊन बघत राहिलो होतो.